तान्ह्याचं दुखणं आणि जाणकारांचं एकमत

तान्ह्या बाळाला वेदना कळत नाही, यावर एके काळी डॉक्टरांचं जवळजवळ एकमत होतं. मज्जातंतूंवरचं आवरण पुरतं तयार नाही, म्हणजे वेदनाही अर्धवट, असा तर्क. भूल सोसणार नाही ही भीतीही होतीच, आणि ती खोटी नव्हती. त्यामुळे 1980च्या दशकापर्यंत कमी दिवसांच्या बाळांची छाती उघडतानाही अनेकदा नायट्रस ऑक्साइडची सौम्य भूल आणि स्नायू लुळे पाडणारं क्युरारे एवढ्यावरच भागवलं जाई. क्युरारे दिलेलं बाळ हलत नाही; हलत नाही म्हणून सगळे निर्धास्त! 1987 साली ऑक्सफर्डच्या के. जे. एस. आनंद आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं, की फेंटानिल हे वेदनाशामक दिलेल्या बाळांत ताणाची संप्रेरकं कमी उसळतात आणि नंतरची गुंतागुंतही घटते. चुकलं होतं ते जाणकारांचं एकमत. आता प्रश्न आहे नवजाताच्या दीर्घकालीन वेदनेच्या व्याख्येचा; ती पुन्हा जाणकारांनाच विचारून ठरवायची, तर मतभेद दडपणार नाही अशीच पद्धत निवडायला हवी. व्याख्येची घाई नको, आधी पुरावा येऊ द्यावा, असं कुणी म्हणेल. पण मोजायचं कुणाला हेच ठरलं नसेल तर पुरावा गोळा कसा होणार? दुखणं तीन महिन्यांहून अधिक टिकलं तरच ते दीर्घकालीन, ही मोठ्यांसाठीची अट इथे लावली तर घोटाळाच होतो, कारण नवजात अवस्थाच अठ्ठावीस दिवसांची.

माझा कौल डेल्फीला, म्हणजे तज्ज्ञांना निनावीपणे, फेऱ्याफेऱ्यांनी विचारण्याच्या पद्धतीला, पण अटीवर. ही पद्धत 1950च्या दशकात अमेरिकेच्या रँड संस्थेत जन्मली. अमेरिकेचं शस्त्रोत्पादन खिळखिळं करायला शत्रूला किती अणुबाँब लागतील, हे सात तज्ज्ञांना वेगवेगळं गाठून, एकमेकांची नावं न सांगता पाच फेऱ्यांत विचारलं गेलं. सुरुवातीचे आकडे 50 ते 5000. शेवटी 167 ते 360. समोरासमोरच्या ‘नॉमिनल ग्रुप’ पद्धतीतही प्रत्येकाला बोलायची पाळी मिळते. पण विभागप्रमुख समोर बसलेले असताना रात्रपाळीची नर्स आपलं निरीक्षण किती ठामपणे मांडेल? निनावीपणात जबाबदारी सुटते, हा आक्षेप रँडमधल्याच हॅरॉल्ड सॅकमन यांनी 1974 साली घेतला होता, आणि तो वजनदार आहे. आकडे जवळ आले ते पटल्यामुळे की कंटाळून, हे डेल्फी सांगत नाही. म्हणून सहमतीची रेघ आधीच आखावी, आणि रेघेबाहेर राहिलेल्यांची कारणंही निकालाबरोबर छापावीत. आणि विचारायचं कुणाला, हेही नीट ठरवावं. टाच टोचल्यावर भुवया आक्रसतात, डोळे घट्ट मिटतात. हे मोजायच्या पट्ट्या आहेत. पण दिवसेंदिवस दुखणारं बाळ कधी नुसतंच गप्प पडून राहतं, आणि ते गप्प राहणं दिसतं इन्क्युबेटरजवळ तासन् तास बसणाऱ्या नर्सला आणि आईला.