‘फॉल इन्’ आणि आपलें ‘पडणें’

हिंगोली शहरांत पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा अशीं वस्त्यांचीं नांवें अद्यापि लोकांच्या तोंडीं आहेत. निजामाच्या खर्चानें पोसलेली, पण इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखालीं असलेली ‘हैदराबाद कंटिंजंट’ ही फौज एकोणिसाव्या शतकांत येथें छावणी करून असे. १८५३ च्या तहानें तिच्या खर्चासाठीं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेला. १९०३ सालीं ती हिंदी सैन्यांत विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. नामें गांवांत राहिलीं. ज्या क्रियापदांवर ती फौज हालत असे, तीं मात्र फौजेबरोबर निघून गेलीं. त्यांपैकीं एकाचा विचार आम्ही येथें करणार आहों.

इंग्रजी कवायतीचा आरंभ ‘फॉल इन्’ या हुकमानें होतो. ‘फॉल’ म्हणजे पडणें आणि ‘इन्’ म्हणजे आंत. या दोन अर्थांची बेरीज केली तर शिपायानें विहिरींतच उडी घ्यावयाची! वास्तविक अर्थ इतकाच, कीं प्रत्येकानें रांगेंत आपापल्या जागीं उभें राहावें. अशा क्रियापदांस ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा लोगन पिअर्सल स्मिथ यांनीं १९२५ सालीं ‘वर्ड्स अँड इडिअम्स’ या ग्रंथांत वापरली. ती हेन्री ब्रॅडली या कोशकारानें सुचविली, हेंहि त्यांनीं नमूद केलें आहे.

‘फॉल’ हा इंग्रजीचा जुना घरचा शब्द. जर्मन ‘फालेन’ त्याचा सख्खा भाऊ. खालीं येणें हा मूळ अर्थ पुढें विस्तारला आणि एखाद्या जागीं किंवा स्थितींत येऊन ठेपणें असाहि अर्थ त्यास लाभला. मनुष्य झोपेंत ‘फॉल’ होतो, आजारांतहि होतो. शिपायाचें रांगेंत येणें त्याच जातीचें. पुढें ‘आउट’ आलें कीं शिपाई रांग सोडतो, आणि दोन मित्रांविषयीं तेंच बोललें तर त्यांचें बिनसतें. ‘बॅक’ आलें कीं सैन्य माघार घेतें. ‘थ्रू’ आलें कीं बेत फसतो. छपराविषयीं ‘फॉल इन्’ म्हटलें तर तें खरोखरच कोसळतें. अर्थ ठरविण्याचें काम प्रसंग करतो. नुसता कोश तेथें अपुरा पडतो.

आतां हें शेवटचें वाक्यच पाहा. कोश अपुरा ‘पडला’ असें आम्हीं लिहिलें, पण तो फळीवरून खालीं आला असें कोणीहि समजणार नाहीं. धन पदरीं पडतें, सवय अंगवळणीं पडते, मित्र उपयोगीं पडतो, सैन्य शत्रूवर तुटून पडतें आणि आपण सकाळीं घराबाहेर पडतों. यांत कोणीच पडत नाहीं! फरक रचनेचा आहे. इंग्रजी क्रियापदास मागून आलेला लहानसा शब्द वळवितो. आपलें ‘पडणें’ मागल्या शब्दाच्या संगतीनें वळतें. ‘देऊन टाकणें’ यासारख्या संयुक्त क्रियापदांत तर दुसरें क्रियापदच आपला मूळ अर्थ सोडून पहिल्याच्या सेवेस लागतें.

म्हणूनच परक्या भाषेंतून नाम घेणें सोपें आणि क्रियापद घेणें कठीण. ‘पेन्शन’ला ‘पुरा’ सहज जोडला गेला. ‘फॉल इन्’ घेतांना मात्र मराठी माणसास ‘फॉल इन् होणें’ असें म्हणावें लागलें, म्हणजे त्या क्रियापदाचेंहि त्यानें नामच केलें. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हिंदी हुकमांत याहून शहाणपणाचा मार्ग दिसतो. तेथें ‘फॉल इन्’साठीं ‘लाइन बन’ आणि ‘फॉल आउट’साठीं ‘लाइन तोड’ म्हणतात. ज्यानें हे हुकूम योजिले त्यानें ‘पडणें’ सोडून दिलें आणि प्रत्यक्ष कृतीला नांव दिलें.

आमच्या घरोघरीं मुलें अशा इंग्रजी क्रियापदांच्या लांबच लांब याद्या घोकीत असतात, आणि परीक्षा संपतांच त्या विसरतात. त्यांस आधीं मराठींतील ‘पडणें’ किती तऱ्हांनीं पडतें हें शोधावयास लावावें, असें आम्हांस वाटतें. घरच्या भाषेंतील ही खुबी ज्यास एकदां उमगली, त्यास परभाषेंतील तीच खुबी कोडें वाटत नाहीं. ज्यास ती उमगली नाहीं, तो ‘फॉल’ आणि ‘इन्’ यांची बेरीज करीत बसतो. त्याचें इंग्रजीहि कच्चें राहतें आणि मराठीहि.