क्रूझ जहाजातले लाउंज, जेवणाचे हॉल आणि कलाकृती: ‘क्वीन मेरी २’ आतून कशी असते?

क्रूझच्या रील्समध्ये आपल्याला बहुतेक वेळा स्विमिंग पूल आणि बाल्कनीच दिसते. पण सात रात्री समुद्रात राहायचं म्हटलं की माणूस दिवसभर केबिनमध्ये बसत नाही. तो वेळ जातो लाउंजमध्ये, जेवणाच्या हॉलमध्ये आणि चित्रं लावलेल्या कॉरिडॉरमध्ये. आजच्या लेखात मी ‘क्वीन मेरी २’ या एकाच जहाजाचं उदाहरण घेऊन हे सगळं समजावून सांगणार आहे. शेवटी मोबाइलबद्दल दोन गोष्टी आहेत. त्या चुकवू नका, कारण तिथे खिशाचा प्रश्न आहे.

क्वीन मेरी २ म्हणजे नेमकं काय?

क्युनार्ड कंपनीचं हे जहाज फ्रान्समधल्या सेंट नाझेर इथे बांधलं गेलं आणि जानेवारी २००४ मध्ये पहिल्या सफरीला निघालं. लांबी ३४५ मीटर, प्रवासी सुमारे २,७००. खरं तर ही क्रूझ शिप नाही, ‘ओशन लायनर’ आहे. म्हणजे उत्तर अटलांटिकच्या खवळलेल्या समुद्रातून इंग्लंडमधलं साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क अशी नियमित फेरी मारता यावी म्हणून तिचा सांगाडा जास्त मजबूत आहे.

मोठे हॉल खालच्या डेकवर का?

डेक प्लॅन मोबाइलवर उघडून झूम केला की एक गोष्ट लगेच लक्षात येते. थिएटर, मुख्य रेस्टॉरंट, बॉलरूम हे सगळे मोठे हॉल डेक २ आणि ३ वर आहेत आणि केबिन त्यांच्या वर. डिझायनर स्टीफन पेन यांनी हे मुद्दाम केलं. भक्कम सांगाड्याच्या आत प्रशस्त हॉल बसवता येतात, आणि बाल्कनीवाल्या केबिन मोठ्या लाटांपासून दूर, उंचावर जातात. शिवाय जहाज डोलतं तेव्हा खाली आणि मधोमध हालचाल कमी जाणवते. ज्यांना बोट लागते त्यांनी हे लक्षात ठेवावं.

कोणकोणते लाउंज आहेत?

• ग्रँड लॉबी: जहाजाचा मधला चौक. इथूनच सगळीकडे जाता येतं.
• चार्ट रूम: डेक ३ वरचा शांत बार. गप्पा आणि संगीतासाठी.
• क्वीन्स रूम: मोठी बॉलरूम. दुपारी चहा, रात्री नाच.
• कमोडोर क्लब: डेक ९ वर, समोरच्या टोकाला. खिडक्यांतून थेट पुढचा समुद्र दिसतो.
• लायब्ररी: डेक ८ वर, हजारो पुस्तकं.
• इल्युमिनेशन्स: समुद्रावरचं पहिलं प्लॅनेटोरियम. वरळीच्या नेहरू तारांगणात घुमट कायमचा आहे, इथे मात्र तो छतातून खाली प्रेक्षकांच्या डोक्यावर उतरतो. शो संपला की वर जातो आणि तोच हॉल व्याख्यानांना किंवा सिनेमाला मोकळा. जहाजावर जागा कमी, त्यामुळे एका खोलीला दोन-तीन कामं करावीच लागतात.

या जागा सगळ्या प्रवाशांना खुल्या असतात, फक्त पेयांचे आणि काही सेवांचे पैसे वेगळे. मला विचाराल तर महागडी केबिन घेण्यापेक्षा आतली साधी केबिन घ्यावी आणि दिवस कमोडोर क्लबमध्ये काढावा!

जेवण: तिकिटात काय आणि बाहेर काय?

ब्रिटानिया हे मुख्य रेस्टॉरंट आणि किंग्ज कोर्ट हा बुफे, दोन्ही तिकिटात धरलेले. क्वीन्स ग्रिल आणि प्रिन्सेस ग्रिल इथे फक्त त्या दर्जाच्या केबिनवाल्यांनाच टेबल मिळतं. ‘व्हरांडा’ हे स्टेकहाउस आहे, तिथे वेगळे पैसे लागतात. म्हणजे तुम्ही केबिन निवडता तेव्हा नकळत जेवणाचा हॉलही निवडत असता. संध्याकाळी ६ नंतर ड्रेस कोड असतो. कपडे बदलायचा कंटाळा आला तर किंग्ज कोर्ट आहेच.

भिंतीवरची कला

या जहाजासाठी १६ देशांतल्या १२८ कलाकारांकडून ५,००० हून जास्त कलाकृती करून घेतल्या होत्या. त्यातल्या दोन ठळक:

१. बार्बरा ब्रुकमन यांची टॅपेस्ट्री, म्हणजे विणलेलं भिंतचित्र. ब्रिटानिया रेस्टॉरंटच्या पूर्ण उंचीभर. त्यात जहाज, पूल आणि न्यूयॉर्कच्या इमारती आहेत.
२. जॉन मॅकेना यांचं ब्राँझच्या पत्र्यातलं म्युरल, ग्रँड लॉबीत. क्षेत्रफळ ७ चौरस मीटर.

जहाजावर कलेलाही नियम लागू असतात. ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या आगीबाबतच्या अटी कडक आहेत, त्यामुळे पडदे-गालिचे घरात लावतो तसे कुठलेही चालत नाहीत.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र जुन्या ‘क्वीन मेरी’ची, म्हणजे १९३६ च्या जहाजाची. तिच्या जेवणाच्या हॉलमध्ये अटलांटिकचा भलामोठा नकाशा होता आणि त्यावर स्फटिकाची छोटी बोट सरकत सरकत आपण कुठे पोचलो ते दाखवायची. आज आपण ज्याला लाइव्ह ट्रॅकिंग म्हणतो, तेच तेव्हा भिंतीवर चालायचं! ते जहाज आता कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला हॉटेल म्हणून उभं आहे.

आता मोबाइलचं

१. एअरप्लेन मोड: भर समुद्रात फोनला जे नेटवर्क दिसतं ते सॅटेलाइटवरून चालणारं मेरिटाइम रोमिंग असू शकतं. नेहमीच्या इंटरनॅशनल पॅकमध्ये ते बऱ्याचदा येत नाही, आणि मग बिल बघून डोळे पांढरे होतात. म्हणून बंदर सुटताच एअरप्लेन मोड लावा, वरून फक्त वाय-फाय सुरू करा. निघण्यापूर्वी आपल्या सिम कंपनीला ‘मेरिटाइम’ हा शब्द वापरूनच विचारा.

२. घड्याळ: साउदॅम्प्टन आणि न्यूयॉर्कमध्ये साधारण ५ तासांचा फरक आहे. हा फरक जहाजावर रोज थोडा थोडा, बहुतेक एकेक तासाने भरून काढतात. एअरप्लेन मोडमधला फोन ते आपोआप ओळखेल याची खात्री नाही. पश्चिमेला जाताना फोन पुढे राहिला तर तुम्ही तासभर आधी पोचाल, एवढंच. पण परतीच्या दिशेने फोन मागे राहतो आणि ठरलेलं टेबल हातचं जातं. म्हणून ऑटोमॅटिक टाइम बंद करा आणि जहाजाच्या सूचनेप्रमाणे वेळ हाताने लावा.

ही पद्धत कुठल्याही क्रूझला लागू पडते. मुंबईहून २०२१ मध्ये सुरू झालेल्या कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ जहाजही सेंट नाझेरलाच बनलेलं, १९९० चं. बुकिंगआधी त्याचा डेक प्लॅन उघडा आणि तीन गोष्टी शोधा: सगळ्यांना खुले लाउंज किती, तिकिटात जेवण कुठे कुठे, आणि तुमची केबिन कोणत्या हॉलच्या वर किंवा खाली येते. नाचाच्या हॉलला लागून खोली मिळाली तर झोपेचं खोबरं होईल!