लाल खुर्चीचे कुळ

दिवाळी सरली, की आमच्या भंडाऱ्याकडे मंडईचे दिवस येतात. भाऊबीजेपासून गावोगाव पाहुण्यांची रीघ लागते; रात्री दंडार, नाही तर नाटक. शहापुरात बिछायतवाल्याची गाडी आली, की पोरे तिच्यामागे धावतात. एकात एक बसवलेल्या लाल खुर्च्यांच्या चळती खाली उतरतात आणि पाहता पाहता मैदान भरून जाते. या खुर्चीचे कुळ कोणते, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. मला पडला, आणि त्याचा माग काढीत मी थेट इटलीतल्या मिलान शहरी जाऊन पोहोचलो. अर्थात पुस्तकांतून, मास्तराचा प्रवास दुसरा कोणता असणार!

पण आधी घरची गोष्ट. माझ्या लहानपणी आमच्या ओसरीवर एकच सागवानी खुर्ची होती. ती तलाठ्यासाठी आणि मानाच्या पाहुण्यांसाठी. एरवी ती रिकामी असे. आमचा म्हातारा सालगडी हिशेबाला आला, की खाली पायरीवर बसे. एकदा मी पोरबुद्धीने म्हटले, "बाबाजी, खुर्चीवर बसा ना." तो नुसता हसला. वडिलांनी माझ्याकडे पाहिले आणि मी गप्प झालो. ते गप्प होणे मला अजून टोचते.

आता इटलीकडे वळू. तिथल्या समुद्रकाठच्या कियावारी गावी देस्काल्झी नावाच्या कारागिराने १८०७ साली एक नाजूक, हलकी लाकडी खुर्ची घडविली. दीडशे वर्षांनी मिलानचे वास्तुशिल्पी जो पोंती यांनी तिच्यातला आणखी भार काढून टाकला. १९५७ साली कास्सिना यांच्या कारखान्यातून त्यांची 'सुपरलेज्जेरा', म्हणजे 'अतिशय हलकी', बाहेर पडली. वजन अवघे १.७ किलो! लहान मुलाने एका बोटावर उचलावी अशी.

दुसऱ्या महायुद्धात इटलीची शहरे बेचिराख झाली होती. नवी घरे उभी राहायची होती आणि त्या लहान घरांना साजेसे, परवडणारे सामान हवे होते. मोठमोठे वास्तुशिल्पी त्यासाठी खुर्च्या नि दिवे घडवायला बसले. १९४९ साली ज्युलिओ कास्तेल्ली या रसायन-अभियंत्याने मिलानला 'कार्टेल' हा प्लॅस्टिकच्या वस्तूंचा कारखाना काढला. त्याच शहरात प्राध्यापक ज्युलिओ नात्ता यांनी १९५४ साली पॉलिप्रॉपिलीन तयार केले. पुढे १९६३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपली मंडईतली लाल खुर्ची याच पदार्थाची!

१९६४ साली मार्को झानुसो आणि रिचर्ड सॅपर यांनी कार्टेलसाठी लहान मुलांची खुर्ची केली. सगळी प्लॅस्टिकची, आणि एकावर एक रचता येणारी. मुले तिच्यावर बसत आणि तिचे किल्लेही बांधीत. १९६९ साली विको माजिस्त्रेत्ती यांनी 'सेलेने' खुर्चीचे पाय नागमोडी वाकवून पातळ प्लॅस्टिकला बळ दिले. हे मी वर्गात कागदावर दाखवतो. सपाट कागद उभा राहत नाही. घडी घातली, की राहतो. आपल्या लाल खुर्चीचे पाय पाहा, त्यांतही तोच वाक आहे.

पुढे मात्र नवल घडले. सामान्यांच्या घरांसाठी म्हणून जे सुरू झाले, ते १९७२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मोठ्या प्रदर्शनात मांडले गेले. आज त्या जुन्या खुर्च्यांसाठी शौकीन लोक भारी किमती मोजतात. त्याच १९७२ साली आंरी मासोने या फ्रेंच माणसाने सबंध हातांची खुर्ची एकाच साच्यातून, दोन मिनिटांच्या आत, काढून दाखविली. साचा फार महाग, प्लॅस्टिक स्वस्त. म्हणून लाखोंनी काढल्या, तरच परवडणार. मग ती जगभर पसरली आणि १९९०च्या दशकात आपल्याकडेही सर्रास दिसू लागली. नामवंतांची खुर्ची संग्रहालयात गेली, बिननावाची मांडवात आली.

नात्तांच्या प्रयोगशाळेत ते प्लॅस्टिक जन्मले, त्याच १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आमच्या भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे होते. ते पराभूत झाले. योगायोगच हा, पण मला तो विसरता येत नाही. बसायला जागा देतो तो कायदा, ते शिक्षण आणि माणसाचे मन. प्लॅस्टिक ती देत नाही. मात्र एक खरे, की सगळ्या खुर्च्या एकसारख्या झाल्या आणि मानाची म्हणून वेगळी ओळखावी, अशी त्यांत एकही उरली नाही.

गेल्या मंडईत आमच्या त्या सालगड्याचा मुलगा नाटकाला आला. तोही आता थकला आहे. माझ्या पोराने चळतीतून एक खुर्ची ओढली, माझ्या शेजारी ठेवली आणि म्हणाला, "काका, बसा."

ते बसले. पडदा वर गेला. चाळीस वर्षांपूर्वी मी अर्धवट सोडलेले वाक्य माझ्या पोराने पुरे केले होते.