म्हाडाच्या लॉटरीत जळगाव-धुळ्याची घरं का दिसत नाहीत?

म्हाडाच्या नाशिक मंडळाची जाहिरात आली की जळगाव, धुळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक फिरायला लागते. लोक उत्साहाने यादी उघडतात, तर घरं बहुतेक सगळी नाशिक शहरातली. पाथर्डी शिवार, गंगापूर शिवार, आडगाव. जळगाव कुठाय? धुळं कुठाय? मंडळ तर नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव आणि अहिल्यानगर अशा पाच जिल्ह्यांचं आहे.

याचं उत्तर एका आकड्यात आहे : 10 लाख.

लॉटरीतली घरं दोन मार्गांनी येतात. एक म्हणजे म्हाडा स्वतःच्या जमिनीवर बांधते ती. दुसरी खासगी बिल्डरकडून मिळणारी, ज्याला '20 टक्के सर्वसमावेशक योजना' म्हणतात. 2013 पासून राज्यात नियम आहे की 4 हजार चौरस मीटर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प करणाऱ्या बिल्डरने 20 टक्के घरं किंवा तेवढे प्लॉट कमी उत्पन्न गटांसाठी ठेवायचे. त्यांचे लाभार्थी म्हाडा सोडतीतून ठरवते, आणि किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी असते. पण हा नियम 10 लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांसाठी आहे. 2011 च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या 14 लाख 86 हजार होती. जळगावची 4 लाख 60 हजार आणि धुळ्याची पावणेचार लाख. त्यामुळे या दोन शहरांत बिल्डरने कितीही मोठी स्कीम टाकली तरी या नियमाने म्हाडाला एक घर द्यावं लागत नाही.

नियम असलेल्या शहरातही सगळं सरळ चालतं असं नाही. 2022 मध्ये तेव्हाचे गृहनिर्माणमंत्री जितेंद्र आव्हाड यांनीच आरोप केला होता की नाशिकमधल्या बिल्डरांनी ही घरं म्हाडाकडे दिलीच नाहीत.

उत्पन्नाची अट घराच्या शहरावर

खान्देशातला माणूस नाशिकच्या घरासाठी अर्ज करू शकतो. मुलं तिकडे शिकायला, नोकरीला असतात, त्यामुळे अनेक जण करतातही. इथे एक गोष्ट हमखास चुकते. उत्पन्न गट अर्जदाराच्या गावावरून नाही, घर कुठे आहे त्यावरून ठरतो. मे 2022 च्या शासन निर्णयानुसार 10 लाखांवरच्या शहरांत अत्यल्प उत्पन्न गटाची मर्यादा वर्षाला 6 लाख आणि अल्प गटाची 9 लाख आहे. उरलेल्या महाराष्ट्रात हेच आकडे साडेचार आणि साडेसात लाख आहेत. उत्पन्न नवरा-बायकोचं मिळून धरतात. म्हणजे धुळ्यातलं एखादं जोडपं मिळून साडेपाच लाख कमवत असेल, तर धुळ्यातल्या घरासाठी ते अल्प गटात आणि नाशिकच्या घरासाठी अत्यल्प गटात बसतं. गट चुकला की नंबर लागूनही घर हातचं जातं.

2023 पासून कागदपत्रं सोडतीच्या आधीच ऑनलाइन तपासली जातात. आधार, पॅन, अधिवास दाखला, आयकर विवरण किंवा तहसीलदारांचा उत्पन्न दाखला आणि आरक्षणातून अर्ज असेल तर जातीचा दाखला लागतो. अधिवास दाखला बारकोड असलेला, नवा हवा. वडिलांच्या फाईलमधला जुना पिवळा कागद चालत नाही. सेतूतल्या चकरा आधीच मारून ठेवलेल्या बऱ्या, कारण अर्जाची मुदत ठरावीक असते. नंबर लागला नाही तर अनामत रक्कम परत मिळते, अर्जाचं शुल्क मिळत नाही. आणि जाहिरातीतली किंमत म्हणजे अख्खा खर्च नव्हे. मुद्रांक शुल्क, नोंदणी वेगळी.

"मंत्रालयात ओळख आहे, नंबर लावून देतो" म्हणणारे भेटतीलच. म्हाडाने एकही एजंट नेमलेला नाही. म्हाडासारखी दिसणारी बनावट वेबसाइट काढून लोकांना फसवल्याचा प्रकारही 2024 मध्ये उघड झाला होता. पैसे भरण्याआधी पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे का, ते बघा.

जळगावचं घरकुल

स्वस्त घराच्या सरकारी योजनेबद्दल जळगावकर सावध असतात, त्याला कारण आहे. 1990 च्या दशकाच्या शेवटी तिथल्या नगरपालिकेने 11 हजारांहून अधिक घरकुलं बांधायची योजना आखली. पूर्ण झाली ती दीड हजाराच्या आसपास. 2006 मध्ये तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी पोलिसांत तक्रार दिली. खटला धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला आणि 31 ऑगस्ट 2019 रोजी दोन माजी मंत्र्यांसह 48 जणांना दोषी ठरवलं गेलं. निकालाविरुद्ध अपिलं उच्च न्यायालयात गेली. हुडकोकडून घेतलेल्या कर्जाचं ओझं मात्र महापालिकेने, म्हणजे शेवटी शहरानेच, वर्षानुवर्षं वाहिलं.

मग जळगाव-धुळ्यात राहूनच घर हवं असेल तर?

लॉटरीपेक्षा प्रधानमंत्री आवास योजना-शहरी 2.0 जास्त कामाची. ती सप्टेंबर 2024 पासून सुरू आहे आणि तिला लोकसंख्येची 10 लाखांची अट नाही. स्वतःची जागा असेल आणि कुटुंबाचं उत्पन्न 3 लाखांपर्यंत असेल तर घर बांधायला केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाख रुपये देतात. फ्लॅट कर्जावर घेणाऱ्या, 9 लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांना व्याजावर जास्तीत जास्त 1 लाख 80 हजारांचं अनुदान आहे. त्यासाठी घराची किंमत 35 लाखांच्या आत आणि कर्ज 25 लाखांच्या आत हवं. मात्र देशात कुठेही पक्कं घर नावावर असेल तर अर्ज बाद होतो, आणि यात गावाकडचं घरही मोजतात. सातबारा, आठ-अ वर कोणाचं नाव आहे, हे अर्ज भरायच्या आधी तपासलेलं बरं.