ऐकणे आणि पारखणे : 'ऑडिशन' या शब्दाविषयी

रायपूरसारख्या शहरात वाढणाऱ्या मराठी मुलाला एकच गोष्ट दोन भाषांतून दोन तऱ्हांनी सांगितली जाते. घरी पाहुणे आले की वडीलमाणसे म्हणतात, 'गाऊन दाखव'. शेजारच्या हिंदी घरात तेच गाणे 'गाकर सुनाओ' म्हणून मागितले जाते. मराठीत गाणे दाखवायचे असते, हिंदीत ते ऐकवायचे असते. हा भेद केवळ बोलण्याच्या लकबीचा वाटतो. परंतु एखाद्याची कला मान्य करण्यापूर्वी ती अजमावून पाहण्याच्या प्रथेला आपण कोणते नाव देतो, याचा विचार करू लागले की त्याचे महत्त्व ध्यानात येते. या प्रथेसाठी आज सर्वत्र रूढ झालेला शब्द 'ऑडिशन' हा आहे. त्याचे मूळ आणि त्याचे आपल्याकडील प्रतिशब्द एकमेकांसमोर ठेवले, तर त्यांतून एका जुन्या प्रश्नाचा इतिहास दिसतो.

'ऑडिशन' हा शब्द लॅटिनमधील 'ऑदिरे', म्हणजे ऐकणे, या क्रियापदापासून आला. इंग्रजीत प्रारंभी त्याचा अर्थ श्रवणशक्ती किंवा श्रवणक्रिया एवढाच होता. गायकाला अथवा नटाला संधी देण्यापूर्वी त्याचे ऐकून घेणे, हा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिकटला. 'ऑडिटोरियम' आणि 'ऑडिट' हे त्याचेच भाऊबंद होत. हिशेब मोठ्याने वाचले जात आणि अधिकारी ते ऐकत, म्हणून त्या क्रियेला 'ऑडिट' म्हणू लागले. आपण मात्र 'ऑडिट'चा प्रतिशब्द 'लेखापरीक्षा' असा केला. 'परीक्षा' या शब्दातील 'ईक्ष्' धातूचा अर्थ पाहणे. परीक्षा म्हणजे सर्व बाजूंनी पाहणे. ज्याला युरोपीय भाषेने कानाचे काम मानले, ते आपण डोळ्यांकडे सोपवले.

'परीक्ष्'पासूनच प्राकृताच्या वाटेने 'पारखणे' आले. 'कसोटी'चे मूळ 'कषपट्टिका', म्हणजे सोनाराचा सोने घासून पाहण्याचा काळा दगड. अरबी 'तालीम' हा शब्द शिकवणे या अर्थाचा. तो मराठीत पहिलवानाच्या आखाड्यात शिरला आणि नाटक मंडळीच्या बिऱ्हाडातही शिरला. मात्र तालीम निवड झाल्यानंतरची. निवडीपूर्वी नाटक मंडळ्यांत मुलाचा 'गळा पाहत', 'आवाज पाहत'. हे सगळे शब्द एका दिशेचे आहेत. घासले जायचे ते सोन्याने आणि पाहिले जायचे ते गळ्याने. पाहणाऱ्यावर कसलेच दायित्व नाही. 'ऑडिशन' या शब्दात मात्र क्रिया ऐकणाऱ्याची आहे. उमेदवाराने काय करावे हे तो शब्द सांगत नाही; समोरच्याने ऐकावे, एवढेच सांगतो. न्यायालयात आपण ज्याला 'सुनावणी' म्हणतो, त्याच्याशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

आपल्या वाङ्मयातील अशा प्रसंगाचे सर्वांत रेखीव चित्र कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त सापडते. गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, असा वाद उत्पन्न होतो. राजा आणि राणी धारिणी दोघेही पक्षपाती ठरतील, म्हणून विदुषी परिव्राजिकेला निर्णायक नेमतात. कोणाची विद्या स्वतःपुरती असते, कोणाची दुसऱ्याला देण्यात उत्तम असते; दोन्ही ज्याच्या ठायी असतील तो आचार्यांमध्ये अग्रणी, असे तत्त्व ती मांडते. अंगसौष्ठव स्पष्ट दिसावे म्हणून पात्रांनी भारी वेषभूषेविना यावे, असेही ती सांगते. नियम इतके निर्दोष आहेत. पण हा सारा वाद विदूषकाने घडवून आणलेला आहे, आणि राजाला विदर्भकन्या मालविकेचे दर्शन व्हावे हाच त्याचा हेतू आहे. मालविकेचा प्रयोग संपतो, राजाचे काम होते, आणि हरदत्त आपला प्रयोग दाखवू पाहतो तोच मध्याह्न झाल्याची घोषणा होते. दुसरी बाजू रंगमंचावर येतच नाही. पुढच्या अंकात गणदास वरचढ ठरल्याचे आपल्याला कळते. पाहण्यासाठी योजलेल्या परीक्षेत ऐकायचे राहून गेले, हे कालिदासाने हसत हसत नोंदवले आहे.

स्वतंत्र भारतात ही परीक्षा प्रथमच देशव्यापी झाली ती आकाशवाणीमुळे, आणि तिच्या इतिहासात दोन मराठी नावे ठळक आहेत. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणीमंत्री होते. गायकवादकांची ध्वनिचाचणी घेऊन त्यांना श्रेणी देण्याची पद्धतशीर व्यवस्था त्यांच्या कारकिर्दीत उभी राहिली. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यावर त्या परीक्षणाची प्रमुख जबाबदारी आली. परीक्षकांना गायक दिसू नये, त्याचे घराणे आणि कीर्ती आड येऊ नये, केवळ स्वर कानी पडावा, हा तिच्यामागील विचार. परिव्राजिकेने जे डोळ्यांवर सोपवले होते, ते इथे पुन्हा कानाकडे आले.

तरीही विरोध झाला, आणि तो मुंबईत विशेष तीव्र होता. ज्यांनी आयुष्य मैफलीत घालवले, त्यांना पुस्तकी विद्वानांपुढे परीक्षार्थी होऊन बसणे अपमानाचे वाटले. दोन्ही पक्षांत तथ्य होते. ओळखीपाळखीवर चालणारी निवड थांबवणे आवश्यक होते. पण ग्रंथांत बसेल तेवढेच संगीत, असा अर्थ होण्याचा धोकाही खरा होता. पडद्याने चेहरा झाकतो, ऐकणाऱ्याच्या कानावर झालेला संस्कार झाकत नाही.

हेच रातंजनकर पुढे छत्तीसगडात आले. खैरागढच्या राजघराण्याने आपला राजवाडा देऊन १९५६ साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाची स्थापना केली, आणि त्याचे कुलगुरुपद त्यांनी भूषवले. रायपूरला आकाशवाणीचे केंद्र १९६३ साली सुरू झाले. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या प्रदेशात मराठी माणसांचे येणेजाणे होतेच. आता शास्त्रीय संगीताची श्रेणी आणि पदवीही त्याच वाटेने आली. मात्र याच परिसरातील खेड्यांत रात्रभर रंगणारा 'नाचा' कोणत्याही श्रेणीच्या बाहेर होता. त्याचे कलावंत बहुधा शेतकरी आणि मजूर. त्यांची निवड गावच करी, आणि तीही चाचणी न घेता : पहाटेपर्यंत लोक बसून राहिले, की नट उत्तीर्ण.

रायपूरला १९२३ साली जन्मलेले हबीब तन्वीर १९५८ साली युरोपातून परतल्यावर आपल्या गावी आले आणि त्यांनी नाचा रात्रभर पाहिला. त्यातून सहा कलावंत त्यांनी निवडले आणि 'मृच्छकटिका'वर आधारलेल्या 'मिट्टी की गाड़ी'साठी दिल्लीला नेले. मदनलाल, ठाकुरराम, भुलवाराम ही नावे भारतीय रंगभूमीला अशी मिळाली. १९५९ साली 'नया थिएटर' स्थापन झाले. परंतु निवड झाली म्हणजे ऐकणे झाले, असे नव्हे. गावच्या मैदानावर मोकळे असणारे हे नट शहरी हिंदीत, आखून दिलेल्या जागी उभे राहून बोलताना अवघडत. दोष नटांचा नसून आपल्या पद्धतीचा आहे, हे तन्वीरांनी पुढे स्वतःच सांगितले. त्यांना छत्तीसगढीत बोलू द्यावे आणि रंगमंचावर आपल्या मनाने वावरू द्यावे, हा निर्णय पक्का व्हायला १९७३ साल उजाडले. त्या वर्षी रायपूरला नाचा कलावंतांची कार्यशाळा झाली आणि 'गाँव के नाम ससुराल, मोर नाम दामाद' हे नाटक उभे राहिले. १९७५ चे 'चरणदास चोर' ही त्याची पुढची पायरी. १९८२ साली त्याला एडिनबरो महोत्सवात पुरस्कार मिळाला. कलावंत तेच होते. १९५८ ते १९७३ या पंधरा वर्षांत बदल झाला तो ऐकणाऱ्याच्या कानात.

म्हणून 'ऑडिशन'ला मराठीत 'चाचणी' म्हणावे की आणखी काही, हा प्रश्न केवळ परिभाषेचा राहत नाही. समर्थांनी नवविधा भक्तींत पहिले स्थान श्रवणाला दिले, आणि श्रवण ही सोपी गोष्ट मानली नाही. 'दासबोधा'चा हिंदी अनुवाद करणारे माधवराव सप्रे यांनी आयुष्याची अखेर याच रायपुरात व्यतीत केली, हा योगायोग इथे आठवतो. 'कसोटी' म्हणताना आपण सोन्याकडे पाहतो. दगड खरा आहे की नाही, हे विचारत नाही. लॅटिन शब्दाच्या पोटातला मूळ अर्थ आपल्याला तो प्रश्न विचारायला लावतो. गाणारा गातो तेव्हा परीक्षा दोघांची असते, आणि त्यांतला एक जण आपला निकाल कधीच जाहीर करीत नाही.