तिरुवैयारुचे पांढरे, तंजावरचे सोने

त्यागराजांवर (१७६७–१८४७) चित्रपट काढायचा, तर एक प्रसंग टाळणे कठीण. तंजावरच्या मराठी दरबाराने बोलावणे धाडले, द्रव्य देऊ केले आणि तिरुवैयारुच्या या गायकाने ते नाकारले. परंपरा हा प्रसंग दुसऱ्या सरफोजीराजांशी जोडते. दोन्ही गावांत अंतर जेमतेम तेरा किलोमीटर, मध्ये कावेरी आणि तिच्या शाखा. पण कलादिग्दर्शकाला ती दोन वेगळ्या रंगांत उभी करावी लागतात.

दरबाराचा रंग शोधायला लांब जायला नको. तंजावर चित्रशैली मराठी अमदानीतच बहरली: फणसाच्या फळीवर ताणलेले कापड, खडूच्या लेपाचा उठाव, त्यावर सोन्याचा वर्ख नि काचेचे खडे, मागे गडद लाल किंवा हिरवा. चित्तूर नागय्यांचा १९४६चा ‘त्यागय्या’ मात्र कृष्णधवल. त्या फिल्मवर सारख्याच उजळपणाचे लाल आणि हिरवे एकाच करड्यात विरतात. उरते सोन्याची चकाकी. पांढरे धोतरही दिव्यांखाली डोळे दिपवते, म्हणून स्टुडिओंत पांढरे कपडे चहाच्या पाण्यात बुडवून मंद करण्याची युक्ती असे.

मराठी प्रेक्षकाला ही भाषा ओळखीची आहे. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) शिवाजीमहाराजांचा नजराणा तुकोबांच्या घरच्यांच्या अंगावर चढतो, तेव्हा रंग नसूनही नुसत्या कापडाच्या झळाळीतून त्याचे परकेपण कळते. दिग्दर्शकांपैकी फत्तेलाल मूळचे चित्रकारच. पण तिथे संत आपला आणि राजाही आपला. तिरुवैयारुच्या कथेत आपण फक्त झळाळीच्या बाजूला उभे असतो. मला ते टोचते.

बापूंनी, तेही चित्रकारच, १९८१ साली ‘त्यागय्या’ रंगीत केला. रंग आला की खरा पेच सुरू होतो, कारण रंगीत पडद्यावर सोने म्हणजे सत्ता, आणि सत्ता म्हणजे माज, असे समीकरण फार लवकर जुळते. इतिहास तसा नाही. १७९९च्या तहाने सरफोजींचे राज्य कंपनीकडे गेले. हाती राहिला किल्ला, भोवतालचा थोडा परिसर आणि तनखा. सरस्वती महालासाठी ग्रंथ जमवणारा हा राजा गायकाला बोलावत होता तो राज्य गेल्यावर. त्या दरबारातले सोने मी तरी जागोजाग वर्ख उडालेले रंगवीन, खालचा खडू दिसेल असे. असा दरबार पडद्यावर मी अजून पाहिलेला नाही.