ट्रेडवेल, येसकर आणि बेचाळीस हजार

गेल्या पावसाळ्यात आपल्यातला एक पोरगा लोणावळ्यात भाड्याची खोली बघायला गेला. मालकानं भाडं सांगितलं, डिपॉझिट सांगितलं, नळाला पाणी कधी येतं तेही सांगितलं. मग विचारलं, पूर्ण नाव काय? पोरानं स्वतःचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं. आडनाव? आडनाव सांगितलं आणि खोली आधीच दुसऱ्या कुणाला तरी बोललेली निघाली.

बैठकीत तो म्हणाला, मी आडनाव बदलतो. गॅझेटला देतो. त्यावर जुंपली. निम्मे म्हणाले, बदल, आपल्याला काय त्या आडनावानं दिलंय. निम्मे म्हणाले, हे पळणं झालं. शेवटची लोकल गेली तरी निकाल लागेना. मी म्हटलं, आडनाव म्हणजे काय चीज आहे ते आधी बघू, मग भांडू. हा लेख त्या भांडणातला माझा वाटा.

सुरुवात लांबून करतो, पण येणार आहे आपल्याच घाटात.

ट्रेडवेल नावाचं एक इंग्रजी आडनाव आहे. काही जण ते ट्रेडवेल लिहितात, काही जण मधे एक अक्षर वाढवून ट्रीडवेलसारखं लिहितात. स्मिथ, टेलर ही आडनावं तिकडं गल्लोगल्ली सापडतात. हे तसं नाही, मोजक्या घरांचं आहे. त्याचा अर्थ ‘नीट तुडवणारा’. काय तुडवणारा? लोकरीचं कापड. आपल्याकडं घोंगडीला चिंचोक्याची खळ लावतात, तेव्हा ती धड होते. इंग्लंडात मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड चरात घालायचे, त्यात पाणी, एक प्रकारची माती आणि शिळं मूत ओतायचे. मग माणूस उघड्या पायांनी तासन् तास ते तुडवायचा. तेलकटपणा जायचा, धागे एकमेकांत घट्ट बसायचे, कापड दाट व्हायचं. बाराव्या शतकापासून पाण्यावर चालणाऱ्या हातोड्याच्या गिरण्या आल्या आणि पायांचं काम कमी होत गेलं. पण कामाचं नाव माणसाला चिकटलं ते चिकटलंच.

गंमत अशी की या एका कामाची आडनावं मुलखागणिक वेगळी. इंग्लंडच्या दक्षिण-पूर्वेला हे काम करणारा तो फुलर. नैऋत्येला डेव्हन-सॉमरसेटकडं तो टकर. उत्तरेकडं तो वॉकर, म्हणजे चालणारा, कारण कापडावर चालायचा. ही तिन्ही आडनावं आज तिथं भरपूर आहेत. अजूनही कुठं कोण दाट आहेत ते पाहिलं तर जुनी बोली कुठून कुठवर होती ते दिसतं. ट्रेडवेल हे याच कामावरून पडलेलं टोपणनाव. ते पसरलं नाही. मध्य इंग्लंडात, ऑक्सफर्डशायर आणि आजूबाजूच्या परगण्यांत त्याची घरं राहिली. तिथून काही समुद्रापार गेली.

इंग्लंडात आडनावं पक्की झाली ती साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकात. राजाला डोईपट्टी वसूल करायची, जमिनीचे कागद करायचे, तर कोणता जॉन ते कळायला हवं. म्हणून जॉन लोहार, जॉन सुतार. १३८१ साली डोईपट्टीविरुद्ध तिथल्या शेतकरी-कष्टकऱ्यांनी बंड केलं. त्यांच्या पुढाऱ्याचं नाव वॅट टायलर. टायलर म्हणजे कौलं घालणारा. पट्टीसाठी नोंदवलेली नावंच पट्टीविरुद्ध उठली म्हणायची.

पण आपल्या कामाचा मुद्दा पुढं आहे. मुतात कापड तुडवणाऱ्याच्या वंशजांचं पुढं काय झालं? न्यूयॉर्कमधे सीबरी ट्रेडवेल नावाचा लोखंडी सामानाचा बडा व्यापारी होता. १८६५ साली वारला. त्याचं घर आज म्युझियम आहे. मॅसॅच्युसेट्समधला डॅनियल ट्रेडवेल यंत्रं शोधणारा म्हणून नावाजला, छापखान्याच्या यंत्रांत त्यानं सुधारणा केल्या. अलास्कात सोन्याच्या खाणीला ट्रेडवेल हे नाव पडलं. आणि एक ट्रेडवेल आला आपल्या बोरघाटात.

१८५६च्या जानेवारीत जी.आय.पी. रेल्वेनं बोरघाटाचं काम काढलं. सुमारे सोळा मैलांची चढण, १८३१ फूट उंची, पंचवीस बोगदे. पहिला ठेका फॅविएल नावाच्या इंग्रजाचा. १८५९च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजूर उठले, साहेब लोकांना मार बसला. त्याच वर्षी फॅविएलनं ठेका सोडला. मग विलायतेहून सॉलोमन ट्रेडवेल आला. आला आणि थोड्याच दिवसांत, १८५९ सालातच, मेला. त्याची बायको ॲलिस. तिनं गाशा गुंडाळला नाही. नवऱ्याचा ठेका आपल्या अंगावर घेतला, अ‍ॅडम्सन आणि क्लाउझर हे दोन इंजिनियर कामावर नेमले आणि घाट पुरा करून घेतला. १८६३च्या एप्रिलमधे घाट उघडला. बाई हिमतीची होती, ते कबूल करायलाच हवं. त्या काळात बाईच्या नावावर एवढा ठेका ही साधी गोष्ट नव्हे.

आता कागद उलटून बघा. फॅविएलचं नाव आहे. ट्रेडवेलचं आहे, त्याच्या विधवेचं आहे. अ‍ॅडम्सन, क्लाउझर आहेत. चीफ इंजिनियर बर्कलेचं आहे. उद्घाटनाला आलेल्या गव्हर्नर फ्रियरचं आहे. आणि मजूर? १८६१ साली घाटात बेचाळीस हजारांवर माणसं कामाला होती. त्यात बाया होत्या, पोरं होती. कड्यावरून दोराला लोंबकळून सुरुंगाची भोकं पाडणारे होते. पटकीनं मेले, तापानं मेले, दरडीखाली मेले, सुरुंगात मेले. त्यांची नोंद आकड्यात आहे. आपण आज सिंहगड एक्स्प्रेसच्या खिडकीतून धबधबे बघतो ते या आकड्यावर बसून.

मित्रांनो, नाव कुणाचं लिहायचं आणि आकडा कुणाचा करायचा, हे ठरवणारा माणूस म्हणजे सत्ता.

तुम्ही म्हणाल, जुन्या काळी असंच असायचं. असंच नसायचं. घाट चढून आलं की मळवलीच्या उत्तरेला कार्ल्याचं लेणं आहे. आपण तिथं जातो, चैत्यासमोर वंदना घेतो, फोटो काढतो. पुढच्या वेळी भिंतीवरची, खांबांवरची ब्राह्मी अक्षरं बघा. वैजयंतीच्या भूतपाल शेठचं नाव तिथं आहेच, पैसेवाला होता. पण त्याच लेण्यात धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाचं, म्हणजे सुगंधी माल विकणाऱ्याचं नाव आहे. सामि नावाच्या सुतारानं दरवाजा केला, तर त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव आणि धंदा, चारही गोष्टी दगडात कोरल्या आहेत. यवन दात्यांची नावं आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी बुद्धाच्या लेण्यात मावळात सुताराला बापासकट नाव होतं. अठराशे वर्षांनी त्याच डोंगराच्या कुशीत दगड फोडणाऱ्याला आकडा मिळाला. मधल्या काळात काय घडलं ते तुम्हाला मी सांगायला नको.

मधल्या काळात वतन घडलं. आपल्याकडंही कामावरून आडनावं पडली. पाटील, कुलकर्णी, देशपांडे, पोतदार, चिटणीस, फडणीस. ही सगळी वतनाची, हुद्द्याची. आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला तराळ आणि येसकर. वेशीवरचा तो वेसकर, बोलण्यात येसकर. रात्री वेस लावायची, पहाटे उघडायची, परका माणूस आला की पाटलाला वर्दी द्यायची. तराळानं सरकारी माणसाचं ओझं पुढच्या गावापर्यंत न्यायचं, मयताचा सांगावा परगावी पोचवायचा, चावडीवर माणसं बोलवायची. मेलेलं ढोर ओढायचं ते आपणच. घुंगराची काठी हातात, आणि मोबदला म्हणजे दारोदारच्या भाकरी आणि हाडकी-हाडवळ्याचा तुकडा. घरागणिक पाळी फिरायची. शंकरराव खरातांनी १९८१ साली आपल्या आत्मकथेला ‘तराळ अंतराळ’ हे नाव दिलं. बापाच्या कामाचं नाव त्यांनी पुस्तकाच्या कपाळावर लावलं.

आता ट्रेडवेल आणि येसकर शेजारी ठेवा. दोन्ही कामाची नावं. दोन्ही कामं लोकांनी नाक मुरडावं अशी. पण कापड तुडवणाऱ्याचा पोरगा ठेकेदार झाला, व्यापारी झाला, आणि त्याला कुणी म्हणालं नाही की चल, चरात उतर. नाव मागं राहिलं, काम सुटलं. येसकराच्या पोराला ते सुटत नव्हतं. इंग्रजांनी १८७४ साली वंशपरंपरागत वतनांचा कायदा केला आणि जे गावाच्या रीतीनं चालत होतं त्यावर सरकारी शिक्का बसला. इंग्लंडात एकाचं पिढीजात काम मोडत असताना इकडं दुसऱ्याचं कलमात बसवत होते. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात त्या कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं ते याचसाठी. १९३६ साली त्यांनी मांडलं की जात ही कामांची नुसती वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. ट्रेडवेल आणि येसकर यांच्यातला फरक याहून थोडक्यात सांगता येत नाही.

कुलकर्णी वतन १९५०च्या कायद्यानं गेलं. आपलं गेलं १९५८च्या कायद्यानं. कुलकर्ण्यांनी वतन गेल्यावर आडनाव टाकलं का? नाही. दारावर पितळी पाटी आहे. तराळ, येसकर ही आडनावं मात्र विरळ झाली. बहुतेकांनी कुळाचं लावलं, गावाचं लावलं. कांबळे, गायकवाड, जाधव, साळवे, भालेराव. त्यांना नाव ठेवायचं कारण नाही. ज्या हाकेनं माणूस उंबऱ्याबाहेर उभा राहतो ती हाक पोराच्या दाखल्यावर कोण ठेवील?

खुद्द बाबासाहेबांचं घराणं सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात नाव पडलं ते भिवा रामजी आंबेडकर. आडनाव मोठं नव्हतं. त्या माणसानं ते मोठं केलं. तेव्हा नाव बदलणं म्हणजे पळणं, हे म्हणणं मला पटत नाही. आपण १९५६ साली धर्म बदलला तो काय पळालो म्हणून?

पण खोलीसाठी बदलणार असशील तर दोन गोष्टी ऐक, भाऊ.

एक, कागद. १९५८च्या कायद्यानं वतनाच्या जमिनी आधी सरकारजमा झाल्या आणि कब्जेहक्काची रक्कम भरल्यावर परत मिळाल्या, त्याही कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या. मावळात एक्स्प्रेस हायवे आला, बंगले आले, फार्महाऊस आली. हाडकीच्या तुकड्यावर आज कुणाकुणाचा डोळा आहे ते वडगावला तहसील कचेरीच्या आवारात तासभर उभं राहिलं की कळतं. तो तुकडा आपला हे सांगणारा कागद म्हणजे सातबारा, फेरफार आणि त्यावरचं आज्याचं नाव. जातीच्या दाखल्यालाही १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा पुरावा मागतात. आज्याचं आडनाव आणि तुझं आडनाव यांच्यामधला पूल म्हणजे ते गॅझेट. बदललंस तर त्याच्या नकला जपून ठेव. नाहीतर तू तुझ्याच आज्याचा कोणी नाहीस असं सांगणारे बरेच भेटतील.

दोन, तो खोलीवाला. आडनाव बदललंस तर तो गाव विचारील. गाव सांगितलंस तर आळी विचारील. भिंतीवरची तसबीर बघील. तू एकेक गोष्ट काढून ठेवत जाशील. आजाराचं नाव बदललं म्हणून ताप उतरत नाही. खोली नाकारणाऱ्याशी भांडायचं ते भांडावंच लागेल, आडनाव कुठलंही असो.

तेव्हा बदल किंवा ठेव. माझी हरकत कशालाच नाही. फक्त काय टाकतोयस ते माहीत असू दे. घरी जाऊन आजीला विचार, आपल्यात शेवटची येसकरपाळी कुणी केली? काठी कुठाय? रेल्वेच्या गँगमधे पहिला कोण लागला? घाटात कोण गेला आणि परत आला नाही? ती सांगील ते तारीख घालून वहीत लिही. तिच्या शब्दांत लिही, सुधारू नकोस. नाव, बापाचं नाव, गाव आणि काम. कार्ल्याच्या सुताराला मिळाल्या त्या चार गोष्टी.

देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली तेव्हा मावळातून बैलगाडीनं, पायी गेलेली माणसं आपल्या वस्त्यांत होती. त्यातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही आता उरले नाहीत. ट्रेडवेलबाईचं नाव शोधायला मला फार कष्ट पडले नाहीत, ते कुणीतरी लिहून ठेवलेलं होतं. बेचाळीस हजारांतलं एक नाव जरी तुमच्या आजीच्या तोंडून निघालं तरी मला आणून द्या. पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापू.

जयभीम.